भुताचा रंग



वसंत व्याख्यानमालेत बोलावयास उभे राहणे हा मान आहे, आणि त्या मानाचे थोडे भयही वाटते. न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यास ही प्रथा सुरू केली. तेव्हापासून इतिहास, अर्थकारण, धर्म, शिक्षण असे भारदस्त विषय या व्यासपीठावर येत आले आहेत. येथील चिटणीसांनी आम्हांस विषय विचारला तेव्हा आम्ही सांगितले, ‘एक फसलेला भयपट’. ते क्षणभर गप्प राहिले आणि मग म्हणाले, “साहेब, एखादा गाजलेला घेतलात तर?” आम्ही म्हणालो, गाजलेल्या चित्रपटांवर बोलणारे पुष्कळ आहेत. फसलेल्याचे श्राद्ध कोणी घालीत नाही. आणि ज्याचे श्राद्ध होत नाही तोच पुढे मानगुटीस बसतो. यावर चिटणीस हसले आणि विषय मंजूर झाला.

हा विषय हाटकेशात बोलावयास आणखी एक कारण आहे. हाटकेश किंवा हाटकेश्वर हे शंकराचे नाव. भागवताच्या पाचव्या स्कंधात पाताळांचे वर्णन आले आहे. त्यांतील वितल नावाच्या पाताळात हा हाटकेश्वर भवानीसह राहतो आणि त्याच्या भोवती त्याचे भूतगण असतात. तेथे हाटकी नावाची नदी वाहते. अग्नी तिचे पाणी पितो आणि थुंकून टाकतो. त्या थुंकीचे ‘हाटक’ नावाचे सोने होते, आणि असुरांचे स्त्रीपुरुष ते अंगावर घालतात. म्हणजे जेथे भुते आणि सोने एकाच वस्तीत नांदतात, त्या पाताळाच्या धन्याचे नाव आपल्या वस्तीस मिळाले आहे. आता भयपट म्हणजे तरी दुसरे काय? भुतांतून सोने काढण्याचा तो धंदा आहे. त्या धंद्यात सोने कोणाच्या अंगावर चढते आणि भूत कोणास व्हावे लागते, एवढाच आजच्या बोलण्याचा विषय आहे.

ज्या चित्रपटाविषयी आम्ही बोलणार, त्याचे नाव ‘ब्लॅकेन्स्टाइन’. तो १९७३ साली अमेरिकेत निघाला. नावावरूनच आपल्या लक्षात आले असेल की मेरी शेलीबाईंच्या ‘फ्रँकेन्स्टाइन’ला काळा रंग फासून हे नाव तयार केले आहे. नाव आधी सुचले आणि चित्रपट मागाहून झाला, असे पाहताना वाटत राहते. पण तो का झाला हे कळण्यासाठी दोन वर्षे मागे जावे लागेल.

१९७० च्या सुमारास हॉलिवुडचा धंदा अडचणीत होता. मोठमोठे खर्चिक चित्रपट आपटत होते. गोरी कुटुंबे शहर सोडून उपनगरांत राहावयास गेली होती, आणि शहराच्या मध्यावरची जुनी चित्रगृहे ओस पडत चालली होती. त्या चित्रगृहांच्या आसपास आता वस्ती होती ती काळ्या लोकांची. १९७१ साली मेल्विन व्हॅन पीबल्स नावाच्या काळ्या दिग्दर्शकाने पदरमोड करून आणि उसनवारी करून ‘स्वीट स्वीटबॅक’ या नावाने ओळखला जाणारा चित्रपट काढला. लाख-दीड लाख डॉलरांत झालेल्या या चित्रपटाने कोटीच्या वर डॉलर मिळविले. गोऱ्या पोलिसांच्या हातून निसटणारा काळा नायक शेवटी जिवंत राहतो, हे लोकांनी पडद्यावर प्रथमच पाहिले, आणि ते पुन्हा पुन्हा जाऊन पाहिले. त्याच वर्षी ‘शाफ्ट’ निघाला आणि त्यानेही एका बड्या कंपनीची तिजोरी भरली.

मग काय विचारता! काळ्या माणसाच्या खिशातही तिकिटापुरते पैसे असतात, हा शोध हॉलिवुडला लागला. वर्षभरात अशा चित्रपटांचा पूर आला. काळे गुप्तहेर आले, काळे गुंड आले, काळे घोडेस्वार आले. १९७२ साली तेथील काळ्यांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संस्थेच्या एका कार्यकर्त्याने, ज्युनियस ग्रिफिन यांनी, या पुरास नाव दिले: ‘ब्लॅक्सप्लॉइटेशन’. ‘काळा’ आणि ‘शोषण’ या दोन शब्दांची ही गाठ आहे. हे नाव शिवी म्हणूनच दिले होते. तुम्ही आमची छबी आम्हांलाच विकता आणि पैसा घरी नेता, अशी तक्रार त्या एका शब्दात होती. या चित्रपटांत काम मिळालेले नट आणि दिग्दर्शक मात्र म्हणत की आज प्रथमच चूल पेटली आहे, ती विझवू नका. दोन्ही बाजूंस खरे होते, म्हणूनच तो वाद मिटला नाही.

या पुरातच भुतेही वाहत आली. १९७२ च्या ऑगस्टात ‘ब्लॅक्युला’ आला, म्हणजे काळा ड्रॅक्युला. तो चालला. त्याच्या मागून पुढच्या वर्षी आमचा ‘ब्लॅकेन्स्टाइन’ आला.

त्याची कथा थोडक्यात सांगतो. एडी टर्नर हा एक काळा सैनिक. व्हिएतनामच्या युद्धात सुरुंगावर पाय पडून त्याचे दोन्ही हात आणि दोन्ही पाय गेले. तो सैनिकांच्या इस्पितळात खाटेवर पडून आहे. त्याची वाग्दत्त वधू विनिफ्रेड ही स्वतः शिकलेली विदुषी आहे. ती आपल्या जुन्या गुरूकडे, डॉक्टर स्टाइनकडे जाते. हा डॉक्टर तुटलेले अवयव पुन्हा जोडण्याचे प्रयोग करीत असतो. तो एडीस हातपाय लावून देतो. परंतु डॉक्टरच्या घरी माल्कोमो नावाचा मदतनीस आहे, आणि त्याचे मन विनिफ्रेडवर जडलेले आहे. ती नकार देते तेव्हा तो सूडाने औषध बदलतो. एडीचा राक्षस होतो. तो रात्री घराबाहेर पडतो, दिसेल त्यास फाडतो, पहाटे परत येऊन पडून राहतो. शेवटी पोलिसांची कुत्री त्याचे लचके तोडतात आणि चित्रपट संपतो.

कथा ऐकून आपणांस वाटले असेल की यात बरेच काही आहे. आम्हांसही तसेच वाटले होते. मोठ्या अपेक्षेने आम्ही तो पाहावयास बसलो आणि अर्ध्या तासात जांभया देऊ लागलो. राक्षस दोन्ही हात पुढे करून चालतो, आणि इतका सावकाश चालतो की समोरच्या माणसाने मरण्यासाठी मुद्दाम थांबून राहावे लागते. प्रसंग इतके अंधारात घेतले आहेत की कोण कोणास मारतो हे ओरडण्यावरून ओळखावे. मध्येच एका नाइट क्लबातील विनोद आणि गाणे येते, त्याचा कथेशी काही संबंध नाही. ज्या माणसाने राक्षसाचे काम केले तो सराईत नट नव्हता, आणि ते दिसते. एकच वस्तू मात्र अस्सल होती. १९३१ च्या मूळ ‘फ्रँकेन्स्टाइन’ बोलपटासाठी केनेथ स्ट्रिकफाडेन यांनी विजेच्या ठिणग्या उडविणारी जी यंत्रे बनविली होती, तीच चाळीस वर्षांनंतर येथे आणून मांडली होती. यंत्रे जुनी आणि खरी, माणसे मात्र नवी आणि खोटी, असा तो प्रकार होता.

आता कोणी म्हणेल, बिचाऱ्यांजवळ पैसा नव्हता, म्हणून फसला. हे कारण आम्हांस पटत नाही. १९६८ साली पिट्सबर्गच्या आसपास काही मित्रांनी लाख-सव्वा लाख डॉलरांत ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’ काढला, आणि जगातील भयपटांचा रस्ताच बदलून टाकला. त्यात ड्युएन जोन्स या काळ्या नटाने नायकाचे काम केले आहे. रात्रभर तो प्रेतांशी झुंजतो, वाचतो, आणि सकाळी मदतीस आलेल्या गोऱ्या टोळीची गोळी लागून मरतो. त्या टोळीस तो माणूस वाटतच नाही. हा शेवट पाहून अंगावर काटा येतो. त्यासाठी पैसा लागला नाही. फक्त कॅमेरा योग्य जागी उभा करावा लागला.

‘ब्लॅकेन्स्टाइन’ फसला तो नेमका येथेच. त्याच्या हातात जे भय होते ते त्यास दिसलेच नाही. पाहा, एडी हा व्हिएतनामहून आलेला सैनिक. त्या युद्धाच्या आरंभीच्या वर्षांत काळ्या सैनिकांच्या मृत्यूचे प्रमाण लोकसंख्येतील त्यांच्या वाट्याहून अधिक होते. ज्या देशात आपणांस माणूस म्हणून मोजीत नाहीत, त्या देशासाठी हातपाय देऊन आलेला हा माणूस आहे. चित्रपटाच्या आरंभी इस्पितळातील एक परिचारक असाहाय्य एडीस टाकून बोलतो, त्याचा अपमान करतो. एवढ्या एका प्रसंगात चित्रपट जिवंत होतो. पुढे राक्षस होऊन एडी पहिल्यांदा बाहेर पडतो तो त्या परिचारकाकडेच. आम्ही सावरून बसलो. वाटले, आता हिशेब सुरू झाला. पण नाही. त्यानंतर तो कोणासही मारतो, वाटेत आलेल्या बायामाणसांस मारतो, आणि हिशेबाची वही तेथेच मिटते.

दुसरी गोष्ट त्याहून मोठी आहे. मेरी शेलीबाईंनी १८१८ साली प्रसिद्ध केलेल्या कादंबरीत राक्षस बोलतो. तो चोरून भाषा शिकतो, मिल्टन वाचतो, प्लूटार्क वाचतो, आणि आपल्या कर्त्यास विचारतो की तू मला निर्माण केलेस आणि टाकून का दिलेस? त्या कादंबरीचे सारे सामर्थ्य या प्रश्नात आहे. १९३१ च्या बोलपटाने राक्षसाची वाचा काढून घेतली. तरी बोरिस कार्लोफने डोळ्यांनी ते काम केले. ‘ब्लॅकेन्स्टाइन’ने वाचाही काढली आणि डोळेही झाकले. एडी माणूस असेपर्यंत बोलतो. राक्षस झाल्यावर केवळ गुरगुरतो. ज्याच्याजवळ सांगण्यासारखे सर्वांत अधिक आहे, त्यालाच मुके केले.

आणि शेवटची ती कुत्री! १९६३ च्या मे महिन्यात बर्मिंगहॅम शहरात समान हक्क मागणाऱ्या काळ्या मुलांवर पोलिसांनी कुत्री सोडली होती. त्याची छायाचित्रे जगभर छापली गेली आणि अमेरिकेची मान खाली गेली. त्यास जेमतेम दहा वर्षे झाली होती तो या चित्रपटाने काळ्या माणसावर पोलिसांची कुत्री सोडली, आणि त्यास कथेचा सुखान्त समजले. पाहणाऱ्या काळ्या माणसास त्या क्षणी काय वाटले असेल? ते भय निर्मात्यास दिसले असते तर हा चित्रपट अजरामर झाला असता. त्याने नुसता दहशतीचा देखावा केला आणि खरी दहशत दाराबाहेर उभी ठेवली.

याच्या उलट ‘ब्लॅक्युला’ची गोष्ट ऐका. त्याचेही नाव तितकेच उथळ होते आणि कंपनीही स्वस्त माल काढणारीच होती. परंतु त्यात विल्यम मार्शल हा नट होता. हा शेक्सपिअरच्या नाटकांतून तयार झालेला, ऑथेल्लो गाजविलेला माणूस. मूळ संहितेत नायकाचे नाव अगदी हलके, जुन्या थट्टेच्या कार्यक्रमातून उचललेले होते. मार्शल अडून बसला. त्याने पात्रास नवे नाव आणि नवे कूळ मिळवून दिले: मामुवाल्डे, आफ्रिकेतील एक राजपुत्र. तो १७८० साली युरोपात जातो तो गुलामांचा व्यापार थांबवावा ही विनंती करण्यासाठी. काउंट ड्रॅक्युला हसतो, त्यास चावतो, आणि ‘ब्लॅक्युला’ हे नाव शाप म्हणून देतो. जरा विचार करा. जे नाव कंपनीने तिकिटे खपविण्यासाठी ठेवले, तेच नाव गोऱ्या मालकाने काळ्या माणसास दिलेली शिवी होऊन बसले. एका नटाच्या हट्टाने चित्रपटाची पाटीच चित्रपटाच्या विरुद्ध साक्ष देऊ लागली. म्हणून तो चित्रपट आजही पाहवतो. त्यातले भूत बोलते, प्रेम करते, आणि शेवटी आपल्या पायांनी उन्हात जाऊन मरते.

पण प्रत्येक वेळी हट्ट चालतोच असे नाही. बिल गन नावाचा लेखक-दिग्दर्शक होता. त्याच्याकडे निर्मात्यांनी असाच स्वस्त रक्तपिपासू पट मागितला. त्याने १९७३ साली ‘गांजा अँड हेस’ काढला. नावातील ‘गांजा’ हे नायिकेचे नाव आहे, गैरसमज नसावा. रक्ताची तहान, व्यसन, धर्म आणि वंश यांचा विचार करणारी ती एक गंभीर कलाकृती झाली. कान महोत्सवातील समीक्षकांच्या विभागात ती दाखविली गेली. निर्मात्यांनी काय करावे? त्यांनी ती कापली, जोडली, दुसरे नाव दिले आणि स्वस्त माल म्हणून बाजारात आणली. दिग्दर्शकाने भुतास वाचा दिली आणि सोन्याच्या धन्याने त्याची जीभ कापली. मूळ प्रत पुष्कळ वर्षांनी लोकांस पाहावयास मिळाली.

श्रोतेहो, आपण म्हणाल की हे सारे सातासमुद्रापलीकडचे. हाटकेशच्या माणसास त्याचे काय? तर थोडे १९७२ सालाकडे पाहू. त्या वर्षी अमेरिकेत ‘ब्लॅक्युला’ आला. त्याच वर्षी आपल्या मुंबईत नामदेव ढसाळ, ज. वि. पवार आणि त्यांच्या मित्रांनी दलित पँथर स्थापिली. ते नाव अमेरिकेतील ब्लॅक पँथरांवरूनच घेतले होते. आणि त्याच वर्षी रामसे बंधूंचा ‘दो गज जमीन के नीचे’ आला आणि हिंदी पडद्यावर स्वस्त भुतांचे युग सुरू झाले. एका वर्षात या तीन गोष्टी झाल्या. पण त्या एकमेकींस भेटल्या नाहीत. अमेरिकेत चळवळ आणि भूतपट एका रस्त्यावर आले, भांडले, एकमेकांस बिघडविले आणि घडविलेही. आपल्याकडे पँथर एका बाजूने गेले आणि भुते दुसऱ्या बाजूने गेली.

रामसे बंधूंस आम्ही हसणार नाही. फाळणीत कराचीचे दुकान सोडून आलेल्या बापाचे ते सात मुलगे. एकाने लिहावे, दोघांनी दिग्दर्शन करावे, एकाने कॅमेरा धरावा, एकाने ध्वनी पाहावा, असा तो घरगुती कारखाना होता. पहिल्या भयपटासाठी सारा ताफा महाबळेश्वरास नेला आणि तेथील विश्रामगृहात राहून चित्रीकरण केले. आमच्या पिढीने तालुक्याच्या तंबूत नि पडक्या चित्रगृहांत त्यांची भुते पाहिली आणि परत येताना एकमेकांचे हात धरले. १९८४ च्या ‘पुराना मंदिर’मधील सामरी आठवला की अजून मान आपोआप मागे वळते. तेही स्वस्तातच झाले होते.

परंतु एक गोष्ट आम्हांस फार उशिरा कळली. रामसे बंधूंनी भुताटकीच्या हवेलीसाठी ज्या जागा वापरल्या, त्यांत मुरूडच्या नबाबाचा वाडाही होता. मुरूड-जंजिऱ्याचे नबाब म्हणजे सिद्दी. सिद्दी म्हणजे आफ्रिकेहून आलेले हबशी. शिवछत्रपतींस जो जंजिरा घेता आला नाही तो याच सिद्द्यांचा. त्यांचे संस्थान १९४८ पर्यंत होते. खडकी शहर वसविणारा, मोगलांस दमविणारा मलिक अंबर हाही हबशीच. म्हणजे काळ्या माणसाने या महाराष्ट्रात राज्य केले आहे, शहर वसविले आहे, आणि आरमारही बाळगले आहे. त्यांचे सारेच वागणे आदर्श होते असे नव्हे. कोकणच्या रयतेने सिद्द्यांचा जाचही सोसला आहे. पण हा आपला इतिहास आहे. आणि आम्ही मात्र त्या वाड्याच्या खिडक्यांत भूत पाहून किंचाळलो, वाडा कोणाचा हे कोणी विचारले नाही.

आमच्या कोकणातील भुतेदेखील पाहा. मेल्यावर तरी जात सुटावी, तर तसे नाही. मुंज होऊन लग्नापूर्वी मेलेला बटू मुंजा होतो आणि पिंपळावर बसतो. ब्राह्मणाचा ब्रह्मसमंध होतो. परक्या धर्माच्या माणसाचा खवीस होतो. स्मशानाची वाट निराळी, भुताची पायरी निराळी. २०२४ साली ‘मुंज्या’ पडद्यावर आला आणि भरपूर चालला. खवीस मात्र अजून दाराबाहेर आहे. ज्या भाषेने विठोबास मायेने ‘काळा’ आणि ‘सावळा’ म्हटले, त्याच भाषेत मुलगी पाहावयास जाताना ‘रंगाने जरा कमी’ असे म्हणतात. भूत कोणत्या रंगाचे हे ठरविणारे आम्हीच.

येथे आम्हांस एक कबुली दिली पाहिजे. ती दिल्याशिवाय हे व्याख्यान खोटे होईल.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. आम्ही राहतो त्या इमारतीत एका गृहस्थास आपला ब्लॉक भाड्याने द्यावयाचा होता. भाडेकरू आफ्रिकेतून आलेला एक तरुण होता. बरोबर बायको आणि लहान मूल. पारपत्र, परवाना, पोलिसांकडील नोंद, सारे कागद व्यवस्थित होते. तरी सभा बोलाविली गेली. कोणी म्हणाले, हे लोक रात्री जागतात. कोणी म्हणाले, उद्या काही झाले तर जबाबदार कोण? आणि एक बाई, स्वभावाने अत्यंत प्रेमळ, म्हणाल्या, “अहो, जिन्यात अंधार असतो, मुले घाबरतील ना.” सारे हसले. ठराव झाला. आम्ही त्या सभेत पहिल्या रांगेत बसलो होतो. आमच्या घरी जोतीराव फुल्यांची ‘गुलामगिरी’ आहे. १८७३ साली जोतीरावांनी ते पुस्तक अमेरिकेत गुलामगिरी मोडून काढणाऱ्या सदाचारी लोकांस अर्पण केले, हे आम्ही अनेक सभांत अभिमानाने सांगितले होते. डॉ. आंबेडकरांनी १९४६ साली डु बॉइस यांस पत्र लिहून काळ्यांच्या आणि अस्पृश्यांच्या स्थितीतील साम्य दाखविले होते, तेही आम्हांस तोंडपाठ होते. त्या दिवशी आम्ही एक शब्द बोललो नाही.

खाली उतरताना जिन्यात तो तरुण भेटला. उत्तराची वाट पाहत उभा होता. आमच्या चेहऱ्यावरून त्याने ओळखले असावे. आम्ही काही पुटपुटलो. तो म्हणाला, “कोई बात नहीं, अंकल.” आणि मुलास कडेवर घेऊन निघून गेला. जिन्यात खरोखर अंधार होता. घाबरलो होतो ते आम्ही.

त्यानंतर महिन्याभराने आम्ही ‘ब्लॅकेन्स्टाइन’ पाहिला. चित्रपटाने निराशा केली असे आम्ही आरंभी म्हणालो ते खरेच आहे. पण ज्या चुकीसाठी आम्ही त्यास नावे ठेवीत होतो, तीच चूक आम्ही पहिल्या रांगेत बसून केली होती. त्याने एडीकडे बाहेरून पाहिले. आम्हीही त्या तरुणाकडे बाहेरूनच पाहिले. त्याने एडीस बोलू दिले नाही. आमच्या सभेतही त्या तरुणास बोलाविले नव्हते. फरक इतकाच की चित्रपटास लोकांनी फसलेला म्हटले आणि आमचा ठराव एकमताने मंजूर झाला. फसलेल्या कलाकृतीचा हा एक उपयोग आहे. चांगला चित्रपट आपणांस नायकाच्या बाजूस उभे करून मोकळे करतो. फसलेला चित्रपट कधी कधी आपणांस निर्मात्याच्या बाजूस उभे राहिलेले पकडतो.

आता आवरते घेतो. भयपट स्वस्त असो की महाग, आम्ही अलीकडे त्यास तीन प्रश्न विचारतो. पहिला, भुतास तोंड आहे काय? म्हणजे त्याचे गाऱ्हाणे आम्हांस ऐकू येते काय? दुसरा, कॅमेरा कोणाच्या खांद्यावरून पाहतो? आणि तिसरा हाटकेश्वराचा प्रश्न, सोने कोणाच्या घरी गेले? अमेरिकेत या प्रश्नांची उत्तरे बदलावयास जवळजवळ पन्नास वर्षे लागली. २०१७ साली जॉर्डन पील यांनी ‘गेट आउट’ हा थोड्या खर्चातला भयपट काढला. त्यात भय आहे ते गोड बोलणाऱ्या, सुशिक्षित गोऱ्या यजमानांचे. त्याच्या संहितेस ऑस्कर मिळाले. मूळ संहितेसाठी ते मिळविणारे पील हे पहिले काळे लेखक. २०२५ साली रायन कूगलर यांनी ‘सिनर्स’ काढला. त्यातली रक्तपिपासू भुते १९३२ च्या मिसिसिपीत येतात आणि काळ्यांचे गाणे मागतात. तो काढताना कूगलर यांनी करार केला की पंचवीस वर्षांनी चित्रपटाची मालकी आपल्याकडे यावी. बिल गन यांची जीभ ज्या कात्रीने कापली, ती कात्री येथे करारात बांधून ठेवली आहे.

आपल्याकडेही वारे फिरले आहे. नागराज मंजुळे यांचा ‘फँड्री’ हा भयपट नव्हे, परंतु त्यातला जब्या रंगाने काळा आहे, एका काळ्या चिमणीच्या मागे धावतो, आणि सारे गाव ज्याच्याकडे हसत पाहते तो शेवटी दगड उचलून फेकतो. तो दगड पडद्यातून आपल्या अंगावर येतो. त्या क्षणी आम्ही खुर्चीत दचकलो. सामरीस पाहून दचकलो होतो त्याहून अधिक. कारण हे भूत नव्हते, आणि त्यास आम्ही भूत समजत होतो.

पाताळातील त्या नदीचे सोने असुर अंगावर मिरवितात, पण हाटकेश्वर स्वतः मात्र भुतांच्या संगतीत बसतो. शंकराच्या पंगतीस भुतांस मज्जाव नाही. ज्या वस्तीस त्याचे नाव आहे, त्या वस्तीतील एखाद्या सोसायटीची सभा उद्या भरेल, आणि कोणी परका माणूस, त्याचा रंग, त्याचा धर्म, त्याचे जेवण यांवर चर्चा निघेल. त्या वेळी आपल्यापैकी एकाने जरी हात वर करून म्हटले, “त्यास आत बोलवा, त्याचे ऐकून घेऊ,” तर एका फसलेल्या चित्रपटावर घालविलेला हा तास वाया गेला नाही असे आम्ही समजू.

जिन्यातला दिवा मात्र आम्ही त्याच आठवड्यात बदलून घेतला. तेवढे धैर्य होते. पुढचे धैर्य आपण द्याल या भरवशावर आपली रजा घेतो.